भिंतीला टेकलेली खुर्ची

अकोल्याकडच्या मालेगावात कुणाच्याही घरी कार्य असलं की खुर्च्या फुलचंदच्या. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो नाहीतर पुढाऱ्याची सभा असो, त्याच लाल खुर्च्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'फुलचंद बिछायत केंद्र'. वीस वर्षं या माणसाची लोकांना बसवण्यात गेली. कोणत्या खांबाआड बसलं की नवरदेव दिसत नाही, कोणत्या खुर्चीत भोंगा थेट कानात घुसतो, कोणता पाहुणा दुसऱ्या रांगेत बसवला की न जेवताच निघून जातो, हे त्याला तोंडपाठ होतं. आणि अशा माणसाला स्वतःच्या सात वर्षांच्या पोरीला एका नाटकाला कुठं बसवावं हे वेळेवर कळू नये, याला काय म्हणावं?

नाटक लहान मुलांचं होतं. डिसेंबरात जगदेवभाऊंच्या मित्रमंडळानं पुण्याहून आणलं होतं. नाव 'घूसबाईची वरात'. शनिवारी शाळांसाठी खेळ, रविवारी सकाळी अकराला घरच्या मंडळींसाठी. जागा बसस्टँडमागचं मंगल कार्यालय, आणि खुर्च्या अर्थातच फुलचंदच्या.

शनिवारी वैभवी शाळेबरोबर जाऊन आली. दप्तर दारात टाकलं, मोजे न काढताच ओट्यावर बसली.

"काय काय पाह्यलं वो बाई?" फुलचंदनं विचारलं.

"सशाचा बूट."

"अन?"

"त्याची नाडी सुटलेली होती."

"अन बाकीचं?"

वैभवी बराच वेळ मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर काढत बसली. मग म्हणाली, "समदे हसले का मी पाहो, कायले हसून राह्यले. मंग मले ते सापडे. मंग मी हसो. तवा समदे माह्याकडं पाहून हसत." आणि अंगठा पुन्हा आत ओढून, "मी उशिरा हसते, पप्पा."

फुलचंद आत गेला आणि बायकोवर उखडला. उज्ज्वला तव्यावर भाकर टाकत होती.

"तिले कोनं बसवलं पुढं?"

"मीच सांगतलं मॅडमले. एकदम पुढं बसवजा म्हनलं. डोळे अधू असलेलं लेकरू कोनी मांगं बसवते का?"

फुलचंदनंही तेच सांगितलं असतं. साऱ्या मालेगावानं तेच सांगितलं असतं. ज्याला कमी दिसतं त्याला पुढं बसवावं, हे काय शिकवावं लागतं? पण वैभवीला कमी दिसत नव्हतं. वैभवीला थोडंच दिसत होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे अकोल्याच्या डॉक्टरांनी जानेवारीत चांगलं समजावून सांगूनही दोघांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. पोरगी घरात बादलीला, पाटाला, मांजराला सारखी ठेचकाळायची. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी अंगणातून घरात यायची वाट चुकायची. फुलचंद तिला धांदरट म्हणायचा, एकदा पाठीत धपाटाही घातला होता, आणि तो धपाटा आता त्याच्या स्वतःच्या छातीत बसून होता. शेवटी अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी एका यंत्रात तिचं डोकं ठेवून तासभर तपासलं आणि एक कागद समोर ठेवला. सगळा काळा, मधोमध एवढीशी पांढरी जागा. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं विझत चाललाय, म्हणाले. मधलं तेवढं स्वच्छ दिसतं. कड नाही. अंधारात तर काहीच नाही. मग त्यांनी औषधाच्या जाहिरातीचा एक जाड कागद घेऊन गुंडाळला, त्याची नळी केली, रबर लावलं आणि फुलचंदच्या हातात दिली. "यातून बघा. तुमची मुलगी असं बघते."

फुलचंदनं बघितलं. डॉक्टरांचं नाक दिसलं.

"नवरा-बायको नात्यातले का?" डॉक्टरांनी विचारलं होतं. फुलचंदची आई मनकर्णाबाई सोबत होती. ती खुर्चीत सरसावून बसली आणि अभिमानानं म्हणाली, "सख्ख्या मामाची पोरगी हाये साहेब! केनवडच्या माह्या भावाची. बाहेरची नाई आणली आमी." घरंदाजपणाचे काही जास्तीचे गुण मिळतील अशा आवाजात म्हणाली. डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. त्या लिहिण्यावरून फुलचंदला जे समजायचं ते समजलं, उज्ज्वलालाही समजलं, आणि त्या दिवसापासून दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढला नाही.

इलाज नव्हता. नळी बारीक होत जाईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही, दर सहा महिन्यांनी दाखवून जा, एवढंच डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांनी फुलचंद गेला नाही. इलाजच नाही तर कायले जायचं, असं तो आईला म्हणाला. खरं तर त्याला तो काळा कागद पुन्हा पाहायचा नव्हता. नळी मात्र त्यानं कपाटात, लग्नाच्या फेट्याच्या डब्यात जपून ठेवली होती. चपटी होऊ दिली नाही.

तर भाकरी झाल्या, जेवणं झाली, आणि वैभवीनं हळूच विचारलं, "पप्पा, शेवटी समदे एकदम येतात का?"

"कोन?"

"नमरा म्हने, शेवटी वरातीत समदे जनावरं एकदम येतात. हत्ती, उंट, माकडं, समदे. अन हत्ती सोंडेनं माकडाची टोपी काढते अन समदे हसतात." नमरा तिच्या बाकावर बसणारी. "मले एकदम पाह्यचं हाये. तवा मी नमराच्या बरोबर हसीन."

पोरीनं जन्मात काही मागितलं नव्हतं असं नाही. बाहुली मागितली होती, सायकल मागितली होती. पण ही मागणी फुलचंदच्या धंद्यातली होती. चांगली जागा. एवढंच तर पाहिजे होतं तिला.

आणि तेव्हा त्याला केनवड आठवलं. दिवाळीत मामाच्या, म्हणजे सासऱ्याच्या, रामकिसनच्या शेतात गेले होते. वैभवी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून पार नाल्यापलीकडच्या शेळ्या सांगत होती. पाच आहेत, एक काळी, एकीच्या गळ्यात घंटी. रामकिसनमामा चाट पडला होता. "अवो, हे पोरगी तं आपल्याहून चांगलं पाह्यते!" आणि त्याच पोरीनं वळताना पायाजवळच्या कळशीवर धडपडून गुडघा फोडून घेतला होता.

लांबचं दिसतं! लांब गेलं की सगळं त्या नळीत मावतं! फुलचंदनं कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या गावानं तिला पुढं ढकललं, आणि तिची जागा होती मागं.

शाळांचा खेळ आटोपून कार्यालय रिकामं झालं होतं. फुलचंद नळी घेऊन तडक तिकडं गेला. त्याचा माणूस सेवादास खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होता. फुलचंद रंगमंचासमोर उभा राहिला, एक डोळा मिटला, नळी दुसऱ्याला लावली. पडद्याची एक घडी दिसली. बस. याच जागी आज बसवलं पोरीला. तो उलटा चालायला लागला. पाचवी रांग. पडद्यावर रंगवलेल्या वडाचं खोड दिसलं. दहावी. वड दिसला. पंधरावी. वड आणि त्याच्या बाजूची झोपडी.

"मालक, दुर्बीन कोठून आणली?" सेवादासनं विचारलं.

"खुर्च्या सरकव बे माह्या मांगच्या. पडीन."

सेवादास खुर्च्या सरकवत गेला आणि मालक मागं मागं येत गेला. विसावी रांग. बाविसावी. रंगमंचाच्या डाव्या टोकाचा पंखा नळीत आला, उजव्या टोकाचा अजून बाहेर. आणखी चार पावलं टाकली आणि फुलचंदची टाच भिंतीला लागली. त्यानं श्वास रोखला. नळीत रंगमंच बसला होता. या पडद्यापासून त्या पडद्यापर्यंत, वरच्या झालरीसकट, अख्खा. जराही शिल्लक नाही आणि जराही कमी नाही.

फुलचंद एकटाच मोठ्यानं हसला. जानेवारीपासून पहिल्यांदा हसला म्हणायला हरकत नाही. पुढच्यांची डोकी आड येऊ नयेत म्हणून त्यानं भिंतीला लागून दोन तखत एकावर एक टाकले, त्यावर गादी, गादीवर हातांची एक खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून. तिच्यात स्वतः बसून पाहिलं. उतरून पुन्हा बसून पाहिलं. नवरदेवासाठी सिंहासन मांडतानाही त्यानं एवढा जीव कधी ओतला नव्हता.

रविवारी अकराचं नाटक. अकराला पहिला पाहुणा आला. आपल्याकडं सत्कार झाल्याशिवाय पडदा वर जात नाही, तो घूसबाईचा असला तरी. शाल, नारळ, दोन शब्द, त्या दोन शब्दांचे दोनशे. अंधार झाला की वैभवीला पाऊल टाकता येत नाही, म्हणून फुलचंदनं तिला दिवे चालू असतानाच आणली होती. उज्ज्वला बायकांच्या बाजूला बसली. फुलचंद जनरेटरला डिझेल आहे का बघायला बाहेर गेला, तो परत येईपर्यंत तखतावरची खुर्ची रिकामी.

माइकवरून जगदेवभाऊंचा आवाज येत होता. "ही आपल्या फुलचंदभाऊची लेक! डोळ्यानं अधू हाये. अन हिले कोनं तरी पार मांगं बसवून ठेवलं होतं! आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात असं होनार नाई. हिची जागा पुढं, पाहुन्यांच्या सोफ्यावर!" टाळ्या. सगळ्या सभागृहासमोर वैभवी पाहुण्यांच्या मधोमध बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोर काय आहे ते तिला दिसत नव्हतं. आपण अधू आहोत हे मात्र तिनं माइकवर ऐकलं होतं.

जगदेवभाऊ वाईट माणूस नव्हे. तसा असता तर बरं झालं असतं, त्याला चार शब्द सुनावता आले असते. फुलचंद भर रांगांमधून चालत पुढं गेला आणि पोरीला सोफ्यावरून उचललं.

"अरे, काय करून राह्यला?" जगदेवभाऊ माइक हातात ठेवूनच बोलले. "लेकराले पाहू दे ना जवळून!"

"तिले मांगूनच दिसते, भाऊ."

"मांगून दिसते?" पाहुणे हसले. सभागृह हसलं. फुलचंद पोरीला कडेवर घेऊन त्या हशातून मागं गेला. वाटेत एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "स्वतःच्या पोरीची जागा सोडते, कसा बाप हाये वो!" फुलचंदनं ऐकलं. म्हणा म्हणावं. वरात येऊ द्या, मग बघू.

पडदा वर गेला. फुलचंद तखताशेजारी उभा होता. रंगमंचाकडं त्यानं पाहिलंच नाही, तो पोरीच्या तोंडाकडं पाहत होता. घूस आली, तिचा बाप आला, दोघांचं भांडण झालं, सभागृह हसलं. वैभवीनं मान इकडून तिकडं फिरवली, मग ती हसली. उशीर झालाच. थोडासाच, पण झाला. नवीन जागा आहे, डोळ्याला सवय व्हायची आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं.

पुन्हा हशा. पुन्हा मान फिरली. पुन्हा उशीर.

मग ताशा वाजला. सनई वाजली. लहान पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडायला लागली. वरात! एका बाजूनं उंट, दुसऱ्या बाजूनं चार माणसांनी मिळून उभा केलेला कापडाचा हत्ती, मधे ससे, माकडं, मोर, डोक्याला बाशिंग बांधलेली घूसबाई. अख्खा रंगमंच भरून गेला.

"हत्ती कुठं हाये, पप्पा?"

"डाव्या बाजूले, माय. पाह्य ना, केवढा मोठा!"

मान डावीकडं गेली. "हां. अन माकड?"

"माकड उजव्या बाजूले."

मान उजवीकडं गेली. "आता हत्ती गेला."

"गेला नाई, तथीच हाये."

"मले घूस दिसते अन दोन ससे दिसतात. बाकीचे येतात अन जातात." तिनं वडिलांचा हात धरला. चिडून नाही, रडून नाही, दुकानात फ्रॉक घट्ट झाला की सांगावं तशी म्हणाली, "पप्पा, खुर्ची अजून थोडी मांगं घ्या ना."

फुलचंदनं खुर्चीच्या पाठीमागं हात घातला. तिथं भिंत होती. ती तिथं आहे हे त्याला कालपासून माहीत होतं, तरी त्यानं तळहातानं ती दाबून पाहिली. मग खिशातली नळी काढून डोळ्याला लावली. हत्ती होता, उंट होता, माकडं होती, सगळे एकदम. नळी बरोबर होती. नळी जानेवारीची होती. या अकरा महिन्यांत ती कपाटात तेवढीच राहिली आणि पोरीच्या डोळ्यातली बारीक होत गेली, आणि बापानं काल सगळी मापं कपाटातल्या नळीनं घेतली.

वरात चालूच होती. हत्तीनं अजून टोपी काढली नव्हती.

फुलचंदनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. शेजारीच कार्यालयाचं मोठं दार होतं, रंगमंचाच्या अगदी समोर. त्यानं कडी काढली. "सेवादास, दोन्ही फळ्या धरून ठेव!" दार उघडलं तशी दीड वाजताच्या उन्हाची पट्टी आत घुसली. "दरवाजा लावा! दरवाजा लावा!" लोक ओरडले. जगदेवभाऊ सोफ्यावरून उठून उभे राहिले. फुलचंदनं कुणाकडं पाहिलं नाही. पोरीचं तोंड रंगमंचाकडं राहावं म्हणून तो काल चालला तसाच उलटा चालत निघाला. पायऱ्या उतरला. चपलांचा ढीग तुडवला. पाण्याची टाकी मागं टाकली, जेवणाच्या पत्र्याच्या शेडजवळून गेला, आणि मागं मागं जात फाटकाशी पोहोचला. त्याच्या टाचेला रस्त्याचं डांबर लागलं.

"आता?" त्याला धाप लागली होती. "आता दिसते का, माय? समदं एकदम?"

वैभवीनं कपाळावर आडवा हात धरला.

तेवढ्यात आतून हशाचा लोट बाहेर आला. हत्तीनं माकडाची टोपी काढली असणार. आणि खांद्यावर वैभवी हसली. खळखळून, पाय आपटत हसली. आणि अगदी वेळेवर. एका क्षणाचाही उशीर नाही. नमराबरोबर, साऱ्या मालेगावाबरोबर हसली.

"दिसले, पप्पा! समदे एकदम दिसले! हत्ती, उंट, माकडं, समदे!"

फुलचंदच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि आपणही एकदा पाहावं म्हणून मान वर केली.

समोर उन्हानं पांढरी झालेली कार्यालयाची भिंत होती आणि त्या भिंतीत एक काळं दार. आत मिट्ट अंधार. हत्ती नाही, उंट नाही, रंगमंचाचा दिवासुद्धा नाही. भर उन्हातून आतलं काही दिसतच नव्हतं. त्यानं हाताचा आडोसा केला, डोळे बारीक केले, दोन पावलं पुढं येऊन पाहिलं. दोन्ही डोळे धडधाकट असलेल्या माणसाला तिथून काळ्या दारापलीकडं काही दिसत नव्हतं.

आतून पुन्हा हशा आला. वैभवी पुन्हा हसली. पुन्हा वेळेवर. कान देऊन बसली होती पोरगी.

दारात उज्ज्वला आली. गर्दीतून वाट काढत आली होती, पदर खांद्यावरून सुटला होता. पायऱ्यांवरूनच तिनं ओरडून विचारलं, "दिसलं का वो तिले?"

"दिसलं, मम्मी!" वैभवी बापाच्या आधी ओरडली. "समदे दिसले!"

उज्ज्वला अनवाणीच तापलेल्या फरशीवरून धावत आली. तिनं पोरीचे पाय धरले, पावलांना तोंड लावलं, आणि नवऱ्याकडं पाहून हसली. अकोल्याहून आल्यापासून ती त्याच्याकडं पाहून हसली नव्हती.

"आता समजलं ना," ती म्हणाली. "आता पुढच्या साली बी इथूनच दाखवू तिले. नाई का?"

वैभवीनं वरून वडिलांचे केस घट्ट धरून ठेवले होते.

"हो," फुलचंद म्हणाला. "इथूनच दाखवू."

नाटक सुटलं. लोक बाहेर यायला लागले. त्यानं पोरीला उतरवून उज्ज्वलाच्या हाताशी दिलं आणि खुर्च्या उचलायला आत गेला.